वेल्श शिकायला वेल्सबाहेरचा निवासी आठवडा: पैसे आणि सुट्टी सार्थकी लागते का?

रानजाई (धागालेखक)

उत्तर अमेरिकेत 'कमडेइथास माडोग' ही संस्था १९७७ पासून 'कुर्स कमराइग' नावाचा आठवडाभराचा निवासी वेल्श वर्ग चालवते. बहुधा उन्हाळ्यात, एखाद्या कॉलेजच्या आवारात. गाव दर वेळी वेगळं. दिवसा पातळीप्रमाणे वर्ग, संध्याकाळी गाणी, लोकनृत्य, छोटंसं आइस्टेद्वोड, म्हणजे काव्य-गायनाची स्पर्धा. माझं मत स्पष्ट आहे: वेल्सला फिरायला जाऊन जमेल तेवढी भाषा शिकू, असं म्हणण्यापेक्षा हा आठवडा कितीतरी सरस.

हिशेब बघा. दिवसाला सहा तास धरले तर सहा दिवसांत ३६ तास. आठवड्याला दोन तासांच्या वर्गात तेवढ्याला १८ आठवडे लागतात. शिवाय जेवणाच्या टेबलावरचं बोलणं वेगळंच.

२०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले. राजधानी कार्डिफमध्ये साधारण १२ टक्के. या बहुतेकांना इंग्रजी अस्खलित येतं. क्रियापद आठवायला तुम्ही दोन सेकंद थांबलात की समोरचा चांगुलपणानेच इंग्रजीवर येतो. निवासी वर्गात ते दोन सेकंद मिळतात, आणि बोलणं नेमकं तिथेच शिकलं जातं.

काळाकातळ

अजिबात पटलं नाही. ३६ तास म्हणजे १८ आठवडे हा गुणाकार भाषेला लागू पडत नाही. १८ आठवड्यांत वाक्याचा प्रत्येक साचा तुम्ही विसरता, पुन्हा आठवता, पुन्हा वापरता. निवासी वर्गात सोमवारी वर्तमानकाळ, मंगळवारी 'माझ्याकडे अमुक आहे', बुधवारी भूतकाळ. गुरुवारपर्यंत सगळ्याची सरमिसळ होते आणि हुशार माणसंही गप्प बसायला लागतात.

दुसरं, सोबतीचे सगळे शिकाऊच. वेल्शमध्ये सगळीकडे चालेल असा एकच 'हो' नाही. 'तू अमुक करतोस का?' याला उत्तर 'अडू', 'अमुक आहे का?' याला 'ओइस', भूतकाळाच्या प्रश्नाला 'डो'. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, आपणही 'जेवलास का?' ला 'जेवलो' म्हणतोच. पण टेबलावर सहा शिकाऊ बसले की जो तो सगळ्याच प्रश्नांना 'इए' म्हणत सुटतो, हाही एक 'हो'च, पण काही ठरावीक प्रश्नांपुरता. दुरुस्त कोण करणार? शिक्षक एक, तोही पलीकडच्या टेबलावर. सहा दिवस घोटलेली चूक सुटायला महिने जातात.

निवासीच हवं तर वेल्समधल्या नान्त गुर्थेइर्नच्या निवासी भाषाकेंद्राला जा. भाषा जिथे नांदते तिथे.

रानजाई

@काळाकातळ, नान्तबद्दल मला नितांत आदर आहे. खाणी बंद पडून ओस पडलेलं गाव १९७८ साली विश्वस्त संस्था काढून वाचवलं आणि १९८२ पासून तिथे वेल्श शिकवतात, ही साधी गोष्ट नाही. पण ती दरी आहे, समुद्रापर्यंत उतरणारी. तिथेही दिवसभर तुमच्याशी बोलणार ते शिक्षक, कर्मचारी आणि बाकीचे शिकाऊच. नांदती भाषा हवी तर चढ चढून वर लिथवाइनला, गावकऱ्यांच्या मालकीच्या पबमध्ये जाऊन बसावं लागतं. हे गाव ज्यात आहे त्या ग्विनेथ परगण्यात ६४ टक्के लोकांना वेल्श येते, तेव्हा तिथे कान उघडे ठेवून बसणं सोन्यासारखं, हे मान्य. पण ज्याला 'मला चहा हवाय' सुद्धा चाचरत म्हणावं लागतं, तो तिथे ऐकून ऐकून थकून परत येतो.

तिसराप्रहर

दोघेही जागेवरून वाद घालताय. खरा प्रश्न कधी जायचं हा आहे.

वेल्समधल्या प्रौढांच्या वर्गांच्या पायऱ्या खालून वर अशा: मनेड्याड, सल्वाइन, कानोलराद, इउख. माझं ठाम मत, मनेड्याड बऱ्यापैकी पुरी झाल्याशिवाय निवासी वर्गाला जाऊ नये. खूण सोपी आहे. 'काल काय केलं' आणि 'उद्या काय करणार' यावर प्रत्येकी पाच वाक्यं कागदाशिवाय येतात का? येत असतील तर आठवडा पैसे वसूल करतो, कारण तुमच्याकडे साचे तयार आहेत आणि गरज फक्त वेगाची आहे. येत नसतील तर सहा दिवस साचे लिहून घेण्यात जातील, आणि ते काम घरी फुकट होतं.

नाव नोंदवताना एक गोष्ट जरूर विचारा: तुमच्या पातळीचा शिक्षक उत्तरेचा की दक्षिणेचा? 'आता' उत्तरेत 'रुआन', दक्षिणेत 'नाउर'. दूध उत्तरेत 'ह्लेव्रिथ', दक्षिणेत 'ह्लाइथ'. शब्दांचं एक वेळ निभावतं. पण 'माझ्याकडे गाडी आहे' याची वाक्यरचनाच दोन्हीकडे वेगळी. वर्षभर एक घोटलेली आणि आठवडाभर दुसरी कानावर, म्हणजे मधल्या पातळीच्या माणसाची जीभ अडलीच.

ओलीवाळू

@तिसराप्रहर, इथे तुम्ही चुकता. अगदी कोऱ्या माणसाला आठवड्याचा फायदा सगळ्यांत जास्त, कारण उच्चार. अ‍ॅप तुमची जीभ बघत नाही.

'ह्ल' लिहिलंत, पण तो 'ह' अधिक 'ल' नव्हेच. जिभेचं टोक 'ल' म्हणताना असतं तिथेच टेकवायचं, कंठातला आवाज बंद करायचा आणि जिभेच्या कडेने हवा सोडायची. घशावर बोट ठेवलं तर थरथर लागता कामा नये. बहुतेक जण 'क्ल' किंवा 'थ्ल' म्हणतात आणि वर्षभर तेच घोटतात. शिक्षक समोर असला तर दहा मिनिटांत सुटतं.

तीच गत शब्दारंभी बदलणाऱ्या व्यंजनांची. आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेवटाशी खेळतं, वेल्श सुरुवातीशी. कार्डिफ म्हणजे 'काएरडीद'. कार्डिफला: 'ई गाएरडीद'. 'आणि कार्डिफ' म्हणताना: 'आ खाएरडीद'. कार्डिफमध्ये: 'अङ् ङ्हाएरडीद'. हा शेवटचा 'ङ्ह' शब्दाच्या तोंडाशी म्हणायची आपल्या जिभेला सवयच नाही. 'अङ्क' मधला 'ङ्' धरून ठेवायचा, मागून श्वास सोडायचा. तक्ता पाठ करून हे येत नाही. चार माणसं एकमेकांना 'कुठे राहतोस?' विचारत सुटली की दुसऱ्या दिवशी यायला लागतं.

काळाकातळ

उच्चारांचा मुद्दा मान्य, पण त्याला आठवडा कशाला? झूमवर कॅमेरा लावून दोन तासिकांत होतो.

आणि वेल्सबाहेर भाषा रुजवायची तर अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाकडे बघा. १८६५ साली 'मिमोसा' जहाजाने गेलेल्या वेल्श लोकांची वस्ती, चुबुत प्रांतात. १९९७ पासून दर वर्षी वेल्सहून शिक्षक तिथे जातात आणि वर्षभर राहून शिकवतात. त्रेलेउ, गाइमान, त्रेवेलिन इथे वेल्श-स्पॅनिश शाळा उभ्या राहिल्या. आठवड्याच्या शिबिरांवर हे झालं नसतं.

रानजाई

तिथे शंभर दीडशे वर्षांचा समाज पाठीशी होता. ओहायोतल्या किंवा ओंटारिओतल्या एकट्या शिकणाऱ्याला गाइमान कुठून आणून देणार? त्याला वर्षातून एकदा जमणारी माणसं हाच समाज. उत्तर अमेरिकेतल्या आपल्या मराठी शाळाही शनिवार-रविवारीच भरतात, आणि त्यांच्या शिक्षकांना विचारा, मुलं बोलायला लागतात ती अशी एकत्र जमल्यावरच.

तिसराप्रहर

@काळाकातळ यांच्या विसरण्याच्या मुद्द्याला उत्तर आहे, पण ते आठवड्याच्या आत नाही. शेवटच्या संध्याकाळी निघण्याआधी आपल्याच पातळीचा एक जोडीदार ठरवा. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास, वार आणि वेळ तिथल्या तिथे लिहून. 'घरी पोचल्यावर बघू' म्हटलं की ते बारगळतंच. पहिले दोन आठवडे नवं काही घ्यायचं नाही, वर्गात झालेलेच साचे उलटसुलट करायचे. महिन्यातून एकदा कोणीतरी वरच्या पातळीचा बोलवा आणि त्याला एकच काम द्या: 'हो' आणि 'नाही' ची उत्तरं तपासणं. 'इए' ची खोड त्यानेच जाते.

ओलीवाळू

जोडीदार निवडताना तोही उत्तरेचाच साचा शिकतोय की दक्षिणेचा, हे आधी बघून घ्या.