शेरीफ लोकांनी निवडावा की काउंटीने नेमावा?

श्रीरंग (कूपरटिनो)

कॅलिफोर्नियातल्या कूपरटिनोत दहा-दहा वर्षं राहिलेल्या मराठी मंडळींनाही अनेकदा माहीत नसतं, की आपल्या शहराला स्वतःचं पोलीस खातं नाही. रस्त्यावर दिसते ती गस्तीची गाडी सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाची. शहर काउंटीला दरवर्षी पैसे मोजतं आणि गस्त, वाहतूक, गुन्ह्यांचा तपास करारावर करून घेतं. सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्सही तेच करतात. शेजारच्या सनीव्हेलची तऱ्हा अगदी वेगळी, तिथे पोलीस आणि अग्निशमन मिळून एकच खातं आहे. कराराची ही पद्धत १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतल्या लेकवूडने सुरू केली. आज त्या काउंटीतल्या ८८ शहरांपैकी चाळीसेक शहरं शेरीफकडूनच पोलीस सेवा घेतात.

मला ही व्यवस्था मनापासून पटते. गुन्हेगार शहराची हद्द पाहून थांबत नाही, वणवा तर नाहीच नाही. मुंबईचं शेरीफपद नुसतं मानाचं आहे, इथल्या शेरीफकडे मात्र कामांचा डोंगर असतो: काउंटीचा तुरुंग, कोर्टाचा बंदोबस्त, रानावनात हरवलेल्यांचा शोध आणि कॅलिफोर्नियाच्या ५८ पैकी बहुतेक काउंट्यांत संशयास्पद मृत्यूंची चौकशीसुद्धा. मोठं संकट आलं की काउंटीतल्या सगळ्या पोलीस खात्यांची कुमक कुठे पाठवायची हे शेरीफ ठरवतो, आणि तेही अपुरं पडलं तर राज्याच्या सात विभागांतून मदत मागवली जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅरडाइज गाव वणव्यात जळालं तेव्हा ८५ माणसं गेली. बेपत्ता लोकांची यादी एका टप्प्यावर बाराशेच्या वर होती. ब्यूट काउंटीचे शेरीफ कोरी होनिया एकीकडे गाव रिकामं करत होते, दुसरीकडे राज्यभरातून आलेल्या पथकांना राखेत शोध घ्यायला पाठवत होते आणि मृतांची ओळखही त्यांच्याच कचेरीतून पटवली जात होती.

माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे: इतकं जबाबदारीचं पद निवडणुकीवर का सोडायचं? आमच्याकडे लॉरी स्मिथ १९९८ पासून सलग २४ वर्षं शेरीफ होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, त्यांच्यावर अविश्वास ठराव केला. पुढे काय झालं? काहीच नाही. बोर्ड त्यांचं अंदाजपत्रक ठरवू शकत होतं, पण त्यांना हलवू शकत नव्हतं. शेवटी नागरी ग्रँड ज्युरीने (सामान्य नागरिकांच्या चौकशी मंडळाने) आरोप ठेवले, खटला चालला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. छुप्या शस्त्राच्या परवान्यांत बड्या लोकांना झुकतं माप देणं आणि तुरुंगातल्या जखमी कैद्याच्या प्रकरणात देखरेख यंत्रणेला सहकार्य न करणं हे त्यातले मुख्य मुद्दे. निकालाच्या दोन-चार दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला होता. अविश्वास ठरावापासून वर्षभराहून जास्त काळ काउंटीची सुरक्षा अशा माणसाच्या हाती राहिली, ज्यावर काउंटीचाच विश्वास नव्हता.

त्या शेरीफ कचेरीच्या अधिकाऱ्यांच्या कामाबद्दल मला तक्रार नाही. २६ मे २०२१ ला सॅन होजेच्या रेल्वे यार्डात गोळीबार झाला, नऊ कर्मचारी मारले गेले. शेरीफचं मुख्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. शेरीफचे जवान आणि सॅन होजे पोलीस एकत्रच आत शिरले. ते सहकार्य वरचा माणूस निवडून आलेला होता म्हणून झालं असं मला वाटत नाही. सराव आणि करार असतील तर नेमलेल्या शेरीफच्या हाताखालीही ते होईल. म्हणून म्हणतो, नेमा.

मंजिरी (केरी, नॉर्थ कॅरोलिना)

श्रीरंगदादा, तुमच्या एका काउंटीवरून साऱ्या देशाचा निकाल लावू नका.

आमच्या वेक काउंटीच्या तुरुंगाचा केंद्राच्या इमिग्रेशन खात्याशी करार होता. १९९६ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. कुठल्याही गुन्ह्यासाठी तुरुंगात आणलेल्या माणसाचे कागद शेरीफचेच कर्मचारी तपासायचे. डॉनी हॅरिसन २००२ पासून शेरीफ होते, त्यांना हा करार हवाच होता. २०१८ च्या निवडणुकीत जेराल्ड बेकर करार मोडण्याचं वचन देऊन उभे राहिले, निवडून आले आणि तो मोडला. शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीतही त्याच वर्षी गॅरी मॅकफॅडन यांनी तेच केलं. लोकांना एक धोरण नको होतं, त्यांनी मत दिलं आणि डिसेंबरात ते धोरण गेलं. नेमलेला अधिकारी असता तर कुणाच्या दारात जायचं होतं? आधी बोर्डाचे सदस्य गाठा, मग त्यांनी अधिकाऱ्याला सांगायचं, मग त्याने विचार करायचा.

याचा सुरक्षेशी काय संबंध असं कुणी म्हणेल, म्हणून सांगते. मी एका महिला मदत गटात फोन घेते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका मार खाऊनही पोलिसांना बोलावत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "ताई, ते माझे कागद विचारतील का?" या बाईने ९११ फिरवावं की नाही हे शेरीफच्या धोरणावर ठरतं. त्या धोरणावर माझं थेट मत असलंच पाहिजे.

श्रीरंग (कूपरटिनो)

मंजिरी, मुद्दा कळला आणि तुम्ही करता त्या कामाबद्दल आदर आहे. पण त्याच मतपेटीने मॅरिकोपा काउंटीत जो आर्पायोंना सहा वेळा निवडून दिलं. ॲरिझोनाच्या उन्हात कैद्यांना तंबूत ठेवणारे तेच. लॅटिनो लोकांना वंशावरून अडवलं जातं असं २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ठरवलं, तरी त्यांनी आदेश पाळले नाहीत. २०१७ मध्ये त्यांना अवमानाबद्दल दोषी धरलं, पण महिन्याभरात राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. त्या खटल्यांचे कोट्यवधी डॉलर काउंटीच्या करदात्यांनी भरले. आणि तुमचाच करार बघा: २०२४ मध्ये तुमच्या विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून शेरीफांना इमिग्रेशन खात्याशी सहकार्य सक्तीचं केलंच ना?

मंजिरी (केरी)

केलं. म्हणजे आमच्या मताला इतकं वजन होतं की ते मोडायला राज्याचा कायदा लागला. आणि आर्पायोंना २०१६ मध्ये घरी कुणी पाठवलं? मतदारांनीच.

श्रीरंग (कूपरटिनो)

चोवीस वर्षांनी.

अभय (सॅमॅमिश, वॉशिंग्टन)

ज्यावर इथे वाद चाललाय ते आमच्या किंग काउंटीने करून पाहिलंय. २०२० मध्ये मतदारांनी काउंटीची सनद, म्हणजे तिची घटना, बदलली आणि २०२२ पासून शेरीफ नेमला जातो. काउंटी एक्झिक्युटिव्ह (काउंटीचे निवडून आलेले प्रमुख) नाव सुचवतात, कौन्सिल मंजुरी देते. आमचं शहरही करारावर आहे, पण गाड्यांवर 'सॅमॅमिश पोलीस' लिहिलेलं असतं आणि शहराचा म्हणून वेगळा प्रमुख शेरीफच्या खात्यातून येतो. सामान्य माणसाला निवडणूक गेल्याचं जाणवलंसुद्धा नाही. करार तसेच राहिले. डोंगरातली शोधमोहीम पूर्वीही स्वयंसेवकांच्या जिवावर चालायची, आजही तशीच चालते. मी तिथे जातो. रात्री दोन वाजता कॅस्केडमध्ये कुणी घसरलं तर आजूबाजूच्या काउंट्यांची पथकंही येतात. शेरीफ कसा आला हे तिथे कुणी विचारत नाही, दोर आणि स्ट्रेचर कुणाकडे आहे ते विचारतात.

माझं मत श्रीरंगच्या बाजूने. पण एक कमतरता प्रामाणिकपणे सांगतो. पूर्वी प्रचाराच्या काळात शेरीफपदाचे उमेदवार जाहीर सभांना यायचे, त्यांना तोंडावर प्रश्न विचारता यायचे. ती संधी आता नाही.

सुनंदा (ॲशबर्न, व्हर्जिनिया)

आमच्याकडे दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. फेअरफॅक्समध्ये काउंटीचं पोलीस दल आहे, प्रमुख नेमलेला. तिथला शेरीफ निवडून येतो, पण तो मुख्यतः तुरुंग आणि कोर्ट सांभाळतो. रस्ता ओलांडून आमच्या लाउडनमध्ये आलात की गस्तीपासून तपासापर्यंत सगळं शेरीफकडे. इथेही काउंटीचं वेगळं पोलीस दल उभं करावं का याची चर्चा बोर्डात पुन्हापुन्हा होते आणि थंडावते, कारण व्हर्जिनियात त्यासाठी सार्वमत घ्यावं लागतं. माझ्या मते सार्वमताची अट योग्यच आहे. जे लोकांनी दिलंय ते लोकांना विचारूनच काढावं.

तरी निवडणुकीची एक काळी बाजू मंजिरीने पाहावी. याच राज्यात हॅम्प्टन शहराच्या शेरीफांनी २००९ मध्ये निवडून आल्यावर काही कर्मचाऱ्यांना पुन्हा नेमलं नाही. कर्मचाऱ्यांचं म्हणणं, आम्ही विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिला म्हणून. एकाने त्या उमेदवाराच्या फेसबुक पानाला लाइक केलं होतं. ते लाइकसुद्धा अभिव्यक्ती स्वातंत्र्यात मोडतं हे ठरायला २०१३ चं अपील न्यायालय लागलं. ज्या खात्यात साहेबाच्या निवडणुकीवर आपली नोकरी टांगलेली, तिथला शिपाई साहेबाची चूक कुणाला सांगेल?

दत्तात्रय (निवृत्त पोलीस निरीक्षक, नाशिक)

मी अमेरिकेत फक्त मुलीकडे राहून आलोय, तिथल्या कायद्याचा जाणकार नाही. पण श्रीरंगराव, "नेमा" हे तुम्ही फार सहज लिहिलंत. नेमणारा आणि हलवणारा एकच असला की काय होतं ते मी नोकरीभर पाहिलंय. रेतीचे डंपर पकडले की तासाभरात फोन, आणि महिन्याभरात बदली. गावातला चांगला फौजदार टिकत नाही ही आपल्याकडची जुनी रड आहे. म्हणून तर प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २००६ मध्ये सांगावं लागलं, की पोलीस प्रमुखापासून ठाणेदारापर्यंत किमान दोन वर्षांची मुदत द्या, बदल्यांसाठी वेगळं मंडळ नेमा. अंमलबजावणी किती झाली ते आपण जाणताच.

तुमच्या बोर्डात पाच जण. त्यातल्या तिघांच्या मर्जीवर शेरीफ राहणार असेल, तर त्या तिघांपैकी एकाच्या मेव्हण्यावर गुन्हा नोंदवायची वेळ आली की त्याचा हात थरथरेल. निवडून आलेल्याला निदान तेवढी पाठराखण असते.

श्रीरंग (कूपरटिनो)

काका, हा मुद्दा मला खरंच अडवतो. तीन मतांवर शेरीफ हलवता येऊ नये, हे मान्य. लॉस एंजेलिसने २०२२ च्या सार्वमतात त्यावर तोड काढली: ठोस कारण हवं, रीतसर प्रक्रिया हवी आणि बोर्डाची चार-पंचमांश मतं हवीत, तरच शेरीफला काढता येईल. आमच्या शेजारच्या सॅन मटेओने मार्च २०२५ मध्ये तसाच अधिकार बोर्डाला दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शेरीफला प्रत्यक्ष काढलंही. नेमलेल्या शेरीफलाही हेच संरक्षण ठराविक मुदतीसह द्या.

मंजिरी (केरी)

दादा, तुम्ही दिलेल्या दोन्ही काउंट्यांत शेरीफ आजही निवडूनच येतो. लोकांनी निवडायचं आणि अगदीच बिघडलं तर बोर्डाने चार-पंचमांशाने काढायचं, ही व्यवस्था मला चालेल. यात निवडणूक रद्द करायचं कारण कुठे आलं?

मेधा (सॅन होजे)

इतका वेळ वाचतेय. गस्त, वणवा, व्हिसा सगळं आलं, पण शेरीफच्या हातात रोज चोवीस तास असलेली माणसं म्हणजे कैदी. त्यांच्यावर श्रीरंगच्या पोस्टमध्ये एक ओळ आहे. मी मानसोपचार विभागात नर्स आहे आणि तुरुंगातून आणलेले रुग्ण मी पाहते. काउंटीच्या तुरुंगातली बरीचशी माणसं शिक्षा झालेली नसतात, ती खटल्याची वाट पाहत असतात. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत. २०१५ मध्ये याच काउंटीच्या तुरुंगात मानसिक आजार असलेला एक कैदी रक्षकांच्या मारहाणीत मेला. ज्या शहरांच्या करारापासून ही चर्चा सुरू झाली तिथले मतदार गस्तीची गाडी वेळेवर येते का ते बघतात. तुरुंगात काय चाललंय यावर शेरीफ पडल्याचं फार क्वचित ऐकू येतं. मुळात समोर उमेदवारच नसतो अशा निवडणुका किती होतात ते बघा. कॅलिफोर्नियात तर पोलीस कामाचा अनुभव नसलेल्याला उभंही राहता येत नाही.

आणि नेमणारं बोर्डही याच मतदारांनी निवडलेलं. त्यामुळे निवडा किंवा नेमा, माझ्या रुग्णांना दोन्हीकडे वाली नाही. त्यांना हवी आहे कागद मागण्याचा अधिकार असलेली बाहेरची नजर. २०२० मध्ये राज्याने कायदा केला, की काउंटीला शेरीफवर देखरेख मंडळ नेमता येईल आणि त्या मंडळाला समन्स काढता येईल. नेमता येईल, नेमलंच पाहिजे असं नाही. स्मिथ प्रकरणात देखरेख करणारे माहिती मागत होते आणि ती मिळत नव्हती, हे श्रीरंगनेच वर लिहिलंय.

दत्तात्रय (नाशिक)

मेधाताई, समन्स काढलं आणि शेरीफ आलाच नाही, तर?

मेधा (सॅन होजे)

काका, तर प्रकरण न्यायालयात जातं. लॉस एंजेलिसमध्ये शेरीफ अलेक्स व्हिलानुएवा यांनी देखरेख आयोगाच्या समन्सला दाद दिली नव्हती, त्यावरून कोर्टबाजी झाली. त्याच काळात, २०२२ मध्ये, ते निवडणूकही हरले.

मंजिरी (केरी)

मेधा, मग दोन्ही लागतं. तुमचं समन्सही आणि माझं मतही.

श्रीरंग (कूपरटिनो)

मी अजून नेमणुकीच्याच बाजूने आहे, पण मेधाचा मुद्दा आधी धसाला लावायला हवा. आमच्याकडे शेरीफची पुढची निवडणूक २०२८ ला आहे, आणि नेमणूक आणायची तर काउंटीची सनद पुरणार नाही, राज्याची घटनाच बदलावी लागेल, ते अवघड दिसतं. शहराचा करार मात्र कौन्सिलपुढे येत असतो. गस्तीच्या तासांचा हिशेब मागतो त्याच बैठकीत तुरुंगातल्या मृत्यूंचाही अहवाल मागायला हवा. इथले कुणी कौन्सिलच्या बैठकीत तीन मिनिटं बोलायला तयार असेल तर निरोप टाका.