नवऱ्याने नाव बदललं, बायको म्हणाली तो मेला. हे इंग्रजांनी केलं का?

सांजवात:
आठवडाभर एकच कथा डोक्यात घर करून बसलीय म्हणून धागा काढतेय. न्गुगी वा थिओंगो, केनियाचा लेखक, मे २०२५ मध्ये गेला, तेव्हापासून त्याचं काहीतरी वाचायचं होतं ते आत्ता जमलं. 'सीक्रेट लाइव्ज' हा त्याचा १९७५चा कथासंग्रह, त्यातली 'वेडिंग ॲट द क्रॉस'. गोष्ट सांगून टाकतेय, ज्यांना स्वतः वाचायचीय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

वारियुकी हा दुधावरचा कारकून, सायकलवर कसरती करणारा, गाणारा, हसवणारा पोरगा. मिरियामूला तो आवडतो. तिचा बाप डग्लस जोन्स, नाव बघा हां, गिकुयू (केनियातली एक जमात, भाषेचं नावही तेच) माणूस आहे पण नाव डग्लस जोन्स, चर्चमधलं बडं प्रस्थ, दुकानं वगैरे. पोरगा मागणी घालायला येतो तर हा त्याची ऐपत काढतो, हसं करतो आणि वाटेला लावतो. मिरियामू बापाचं घर सोडून त्याच्यासोबत जाते. गरिबी असते पण दोघं मजेत असतात, निदान ती तरी असते. त्याच्या मनातून मात्र सासऱ्याचं ते हसणं जात नाही. लाकडाच्या गिरणीत राबतो, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांकडून लढून येतो, मग स्वतःचा लाकडाचा धंदा, पैसा, चर्च, बाप्तिस्मा, आणि नवीन नाव काय तर डॉज डब्ल्यू. लिव्हिंगस्टन ज्युनियर. मग म्हणतो आता आपण चर्चमध्ये रीतसर लग्न करू. अरे मुलंबाळं झालीत! पण सासऱ्याच्या डोळ्यांदेखत करायचंय ना. सगळं गाव जमतं, मिरियामूला पुढे उभं करतात आणि ती म्हणते नाही, मी लिव्हिंगस्टनशी लग्न करू शकत नाही, माझं लग्न आधीच झालंय, वारियुकीशी, आणि तो मेला.

मला काय वाटलं सांगते. आपल्याला साम्राज्य म्हटलं की रेल्वे, कर, गोळीबार असलं आठवतं. या कथेत एकही गोरा माणूस धड समोर येत नाही. साहेब आहे तो जेवणाच्या टेबलावर, नवरा बायकोकडे ज्या नजरेने बघतो त्या नजरेत. आणि बिल कोण भरतं तर बायको. तुमचं मत?

बेरकी_म्हातारा:
छान लिहिलंय पण मत पटलं नाही. सासऱ्याने पाणउतारा केला, जावई जिद्दीने मोठा झाला आणि मग सासऱ्याला दाखवून द्यायला निघाला, ही गोष्ट आमच्या सांगली जिल्ह्यात दर चार घरांत एक सापडेल. यात साहेब कुठून आला? ज्याच्यात त्याच्यात वसाहतवाद शोधायची फॅशन झालीय विद्यापीठांत, नापास झालो तर मेकॉले, घटस्फोट झाला तरी मेकॉले.

सांजवात:
काका, जावयाने बंगला बांधून दाखवला असता तर तुमचं बरोबर. पण दाखवून द्यायचं म्हणजे काय करायचं, याची व्याख्याच त्याने सासऱ्याची घेतली ना, आणि सासऱ्याने मिशनची. मोठा झाला म्हणजे लिव्हिंगस्टन झाला. सांगलीचा जावई मोठा झाल्यावर स्वतःचं नाव बदलून स्मिथ करतो का?

बेरकी_म्हातारा:
स्मिथ नाही करत, पण सँडी होतो की पुण्यात आयटीत लागल्यावर. 😀

वर्धा_पॅसेंजर:
थोडं लांब लिहितो, राग मानू नका ताई. नाव बदललं, कपडे बदलले, धर्म बदलला की लगेच गुलाम मानसिकता म्हणायची जी सवय आहे ना, ती मला खटकते, कारण हे म्हणणारे बहुतेक असे असतात की ज्यांचं जुनं नाव जुनं गाव सगळं सांभाळून ठेवण्यासारखं होतं. आमच्या घरात नव्हतं. माझ्या आजोबांनी १९५६ला नागपुरात धम्म घेतला, घरातले फोटो बदलले, सण बदलले, पुढे आडनाव बदललं, आणि त्यानंतर घरात जो मोकळा श्वास आला तो आजी मरेस्तोवर सांगायची. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माऊली म्हटलंय, त्यांना काय मानसिक गुलाम म्हणणार का? ज्यांच्यासाठी संस्कृतची दारं बंद होती त्यांना साहेबाची खिडकी उघडी मिळाली, त्यांनी उडी मारली. न्गुगी मोठा लेखक आहे मान्य, पण त्याने 'मूळ' वारियुकीला जरा जास्तच गोड रंगवलंय असं तुमच्या सारांशावरून तरी वाटतं.

आणि गंमत म्हणजे न्गुगीने स्वतः नाव बदललं होतं, आधीची पुस्तकं जेम्स न्गुगी नावाने आहेत. ही कथा तर इंग्रजीतच लिहिलीय.

चिंचेचा_कोळ:
वर्धा_पॅसेंजर +१००

आणि माझा वेगळाच मुद्दा. नवऱ्याने *स्वतःचं* नाव बदललं तर एवढी मोठी शोकांतिका, आणि माझ्या आजीचं, आईचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललं त्याला आपण विधी म्हणतो, फोटो काढतो, नवं नाव छान आहे म्हणतो. ते कुठल्या गव्हर्नर जनरलने सुरू केलं? बिल बायको भरते हे बरोबर, पण बायका ते बिल साहेब यायच्या आधीपासून भरतायत. दुसरं म्हणजे मिरियामू हे तरी कुठे अस्सल गिकुयू नाव आहे, बायबलातली मिरियम आहे ती. म्हणजे जी बाई शेवटी 'खऱ्या' नावासाठी उभी राहते तिचं स्वतःचं नावच मिशनचं. यावर कोणी बोलत का नाही?

सांजवात:
बापरे, मिरियामूचं नाव माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दोन वेळा वाचली तरी.

पण वर्धा भाऊ, मला वाटतं तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तुमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा ज्यांनी अपमान केला त्यांची शाबासकी मागितली का? उलट त्यांच्याकडे पाठ केली. वारियुकीने बरोबर उलटं केलं, ज्याने हसं केलं त्याच्याच पंगतीत ताट मिळावं म्हणून सगळा खटाटोप. नाव बदलणं म्हणजे गुलामी असं मी म्हणतच नाहीये. कोणाला दाखवायला बदललं, एवढंच विचारतेय. न्गुगीचं पण तसंच, त्याने जेम्स काढलं ते कोणाच्या शाबासकीसाठी नाही.

वर्धा_पॅसेंजर:
हा फरक मान्य. पण मग ही सवलत आमच्या पोरांनाही द्या ना. इंग्रजी मीडियमला घातलं की मराठीचे कैवारी येतात सांगायला की मातृभाषा सोडली म्हणून. त्यांची स्वतःची पोरं न्यू जर्सीत.

मास्तर_निवृत्त:
पोरं न्यू जर्सीत 😂😂 मर्मावर बोट.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं म्हणून मला दुसरी कथा आठवली, चिनुआ अचेबेची 'डेड मेन्स पाथ', १९५३ची. नायजेरियातलं खेडं, काळ १९४९. मायकल ओबी नावाचा तरुण हेडमास्तर, नवीन नवीन, 'आधुनिक पद्धती' हा त्याचा तोंडातला शब्द. शाळेच्या आवारातून गावाची एक जुनी पायवाट जाते, देवस्थानापासून दफनाच्या जागेपर्यंत. मेलेले तिथून जातात, जन्माला येणारी मुलं तिथून येतात असं गाव मानतं. हा काटेरी तार लावून बंद करतो. म्हातारा पुजारी समजवायला येतो, ससाण्यालाही बसू दे, गरुडालाही बसू दे. हा हसतो, म्हणतो आमचं कामच या समजुती घालवणं आहे. दोन दिवसांनी गावात एक बाई बाळंतपणात मरते, गाव कुंपण मोडतं, फुलझाडं तुडवतं, आणि नेमका त्याच दिवशी गोरा सुपरवायझर तपासणीला येतो आणि रिपोर्ट लिहितो की भांडण पेटलंय ते काही अंशी या हेडमास्तरच्या चुकीच्या उत्साहामुळे.

ज्या साहेबाला खूश करायला सगळं केलं त्यानेच शेरा वाईट मारला. मी नोकरीत हे अनुभवलंय, साहेब गोरा नव्हता इतकंच.

त्यात त्याची बायको नॅन्सी आहे, तिचे प्रसंग दोन-चारच पण मजेशीर. तीही 'आधुनिक' झालीय, हेडमास्तरीणबाई म्हणून मिरवायची स्वप्नं बघतेय, आणि विचारते बाकी मास्तरांच्या बायका असतील ना, तर तो म्हणतो सगळे अविवाहित आहेत, म्हणजे शाळेला पूर्ण वेळ देतील. तिचं तोंड उतरतं. मिरवायचं कोणासमोर? सांजवातताई म्हणतायत ते घरातलं साम्राज्य मला इथे दिसलं.

वर्धा_पॅसेंजर:
मास्तर, ती कथा आम्हाला बीएला होती. वर्गात सर म्हणाले परंपरेचा आदर करावा हे तात्पर्य. मी तेव्हा गप्प बसलो पण मनात हेच, की आमच्याकडे स्मशानाची वाट बंद करणारा हेडमास्तर नसतो, शेतमालक असतो. वस्तीतली मयत न्यायला रस्ता मिळत नाही, आमच्या शेतातून नाही म्हणतात, प्रेत ठेवून तहसीलला बसावं लागतं. त्या गावातला पुजारी 'सगळ्यांना बसू द्या' म्हणतो, आमच्या गावातल्याने कधी म्हटलं? त्यामुळे परंपरा विरुद्ध साहेब एवढीच दोन टोकं असली की मला त्या कथेत उभं राहायला जागाच सापडत नाही.

बेरकी_म्हातारा:
या प्रतिसादाला मी टोपी काढतो. (टोपी गांधी आहे, हॅट नाही, सांजवातने नोंद घ्यावी.)

माडाखाली:
गोव्याकडून थोडं. तुमचं चाललंय इंग्रजांवर, आमच्याकडे साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते आणि ते खरंच स्वयंपाकघरात शिरले होते, उपमा नाही. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फतवा काढला, त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी घरात तुळस ठेवायची नाही, पुरुषांनी घरातसुद्धा पुडवें (धोतर) नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, आणि भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. भातातल्या मिठावर सरकारचं लक्ष! शाळेत हे शिकवलं नाही, मोठेपणी वाचलं आणि चरकलो.

तर ताईंचा मुद्दा मला पटतो. पण एक आहे. आमच्या शेजारची मावशी भातात मीठ घालते, आम्ही नाही घालत, लहानपणी मला वाटायचं ज्याची त्याची चव. आता कारण कळलं तरी तिच्या भाताला मी गुलामी म्हणायला तयार नाही. पिढ्यान् पिढ्या घातलं की ते मीठ तिचंच झालं. पोर्तुगीज १९६१ला गेले, मीठ राहिलं, आणि चव चांगली लागते बाबा. 'तो मेला' म्हणणं कथेत जोरदार वाटतं, पण दर बदललेला माणूस मेलेला नसतो.

चिंचेचा_कोळ:
मीठ तिचंच झालं, हे आवडलं.

पण मग कधी 'आपलं झालं' आणि कधी 'लादलेलं' हे ठरवणार कोण? अमा आटा आयडू म्हणून घानाची लेखिका आहे, २०२३ला गेली, तिची 'एव्हरीथिंग काउंट्स' वाचा, 'नो स्वीटनेस हिअर' १९७०. परदेशात शिकलेली सिसी, तिथे असताना आपली क्रांतिकारी पुरुषमंडळी बायकांना टोचायची, तुम्ही विग घालता म्हणजे गोऱ्यांची नक्कल, लाज वाटत नाही का. हिला वाटायचं उगाच बाऊ करतात, केसांनी काय क्रांती अडते. मग ती शिकवायला देशात परत येते आणि बघते तर सगळ्या पोरींच्या डोक्यावर विग, आणि शेवटी सौंदर्यस्पर्धा जिंकते ती उजळ, मिश्र वंशाची, जिचे केस मुळातच सरळ मोकळे पडतात ती मुलगी. सिसी घरी येऊन ढसाढसा रडते, ओकते.

यात लेखिका पुरुषांची बाजू घेत नाही हे मला भारी वाटलं. पुरुषांना साहेब घालवायचा होता तो बायकांच्या डोक्यावरून. स्वतः सूट घालून. आपल्याकडे काय वेगळं, नवऱ्याला जीन्स, बायकोने संस्कृती सांभाळायची, आणि फेअरनेस क्रीम दोघांनी मिळून.

बेरकी_म्हातारा:
गोरी मुलगी पाहिजे हे इंग्रजांच्या आधीपासून आहे, जुन्या काव्यात बघा.

चिंचेचा_कोळ:
जुन्या काव्यात द्रौपदी काळी आहे आणि तिच्यावरून सगळे वेडे होतात. आधी आवड होती म्हणून नंतरची फॅक्टरी निष्पाप होत नाही काका. आधीची जखम आणि वरून नवं मीठ. (माडाखाली, सॉरी, तुमचं मीठ नव्हे.)

सांजवात:
खूप छान चाललंय, मी दिवसभर ऑफिसात चोरून वाचत होते. थोडी माघार घेते. सगळं साहेबाने केलं असं म्हणायचं नव्हतं, पण सुरुवातीला लिहिलं तसंच, हे खरं. जात होती, सासरा होता, नाव बदलायचं ताट होतं. पण साहेबाने एक केलं की हे सगळं मोजायची पट्टी बदलून टाकली, आणि ती पट्टी नुसत्या कायद्याने नाही, लाजेने बसवली. न्गुगीने 'डिकॉलोनायझिंग द माइंड' (१९८६) मध्ये लिहिलंय, त्याच्या शाळेत आवारात गिकुयू बोलताना सापडलं की छड्या, नाहीतर गळ्यात पाटी, मी गाढव आहे. आणि पकडून कोण द्यायचं, तर पोरंच एकमेकांना. माझ्या भाचीच्या शाळेत मराठी बोललं की डायरीत लाल शेरा होता, चुगली करणारी तिचीच मैत्रीण, शाळेचं नाव काढत नाही. ती आता २३ वर्षांची आहे आणि रडते ते इंग्रजीत रडते, आमच्यासमोर सुद्धा. वर्धा भाऊ, तिला खिडकी मिळाली हे खरंच, नोकरी चांगली आहे. पण आजीशी तिला बोलताच येत नाही, म्हणजे शब्द येतात, बोलता येत नाही.

वर्धा_पॅसेंजर:
हे समजू शकतो. माझी मुलगी पण तशीच होतेय. तरी मी तिला मराठी शाळेत घालणार नाही, हे पण प्रामाणिकपणे सांगतो.

सांजवात:
शेवटचं, मग झोपते. काल आईला ती कथा सांगितली, ती मेथी निवडत होती. डग्लस जोन्स, लिव्हिंगस्टन, महायुद्ध, नुसतं हं हं चाललेलं. मिरियामू 'तो मेला' म्हणते तिथे हात थांबला. मी सांगितलं की मग सगळ्यांनी तिलाच वेडी ठरवलं. आई म्हणाली ठरवणारच. मग बराच वेळ गप्प. आईचं माहेरचं नाव लग्नात बदललंय, चिंचेचा_कोळ म्हणतात तसंच, ताटात लिहून, एक मामा सोडला तर त्या नावाने आता कोणी हाक मारत नाही. मला वाटलं त्यावर काही बोलेल. तर म्हणाली, "एवढ्या लोकांत बोलली तरी ती," आणि देठं गोळा करून उठली.

मास्तर_निवृत्त:
ताई, मामांना आईंना फोन करायला सांगा.