खुब्याचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस, आणि आमच्या घरात सगळं खालीच!

पाटीवरची

वय २६, खो-खो खेळते. डाव्या खुब्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन आज अकरावा दिवस. खुब्याच्या वाटीची कड, म्हणजे लॅब्रम, फाटली होती. ती टाके घालून बसवली आणि मांडीच्या हाडाचा वाढलेला उंचवटा घासून काढला.

खो-खोवाल्यांना सांगायला नको, चौकात उकिडवं बसायचं, पाठीवर खो मिळाला की स्प्रिंगसारखं उठायचं. बारा वर्षं हेच केलं. डॉक्टरांनी तपासताना गुडघा छातीकडे दाबून आत वळवला, तेव्हा जांघेत जी कळ आली ती मी लगेच ओळखली. ती चौकातलीच कळ होती. मी दोन वर्षं तिला 'स्नायू आखडला' म्हणत होते.

डिस्चार्जच्या कागदावर चार ओळी. सहा आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, तीन आठवडे कुबड्या, पाय नुसता टेकवायचा, गोळ्या वेळेवर. ठीक. पण नागपुरात नंदनवनातलं आमचं घर त्या चार ओळींत मावत नाही. जेवण खाली, भाजी निवडणं खाली, टीव्हीसमोरची बैठक खाली, संडास देशी. संडासावर ठेवायची खुर्ची बाबांनी मेडिकल चौकातून आणली, तेवढं एक झालं. आजी रोज विचारते, "काहून वं, दोन घास माझ्याजवळ बसून खाल्ले तर काय होते?" शिवाय जवसाचं तेल कोमट करून वाटी हातात घेऊन दारात उभी.

आता खरी गोष्ट. नवतपा लागलाय, कुलर दिवसरात्र सुरू. परवा दुपारी टाकीतून झिरपलेल्या पाण्यावर कुबडी सरकली आणि अख्खा भार डाव्या पायावर आला. ओरडले नाही, कारण आई झोपली होती. आता टेकवून चालताना दुखत नाही, पण पलंगावर पाय उचलून घेताना जांघेत टोचतं. टाका तुटला असेल का? आणि घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही, हेही सांगून टाकते.

फुटाळ्याचा_पळपुट्या

ताई, आधी डॉक्टरांना फोन कर, मग बाकीचं वाच. पडलीस, भार आला, हे त्यांना माहीत पाहिजे. इथं कोणीही 'काही होत नाही' म्हटलं तरी त्याला दिसत थोडंच आहे!

माझं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी, उजव्या बाजूचं. पाय उचलताना टोचणं मलाही होतं. खुबा वाकवणारा स्नायू तेव्हा चिडलेला असतो, त्याच्या जोरावर पाय उचलायचाच नाही. मी ओढणीचा फास तळव्यात अडकवून हातांनी पाय वर घ्यायचो. बायकोची हिरवी बांधणी होती, अजून ऐकून घेतो.

दुसरं म्हणजे पालथं झोपणं. मला फिजिओनं सकाळ-संध्याकाळ सांगितलं होतं, नाहीतर दिवसभर टेकून बसून खुब्याची पुढची बाजू आखडते. तुझ्या डॉक्टरांना विचारून घे.

आणि सावध राहा, चौदाव्या दिवशी मला वाटलं झालो बरा. कुबड्या घरी टाकून फुटाळा तलावावर चहा प्यायला गेलो बे! लंगडत परत आलो ते तीन आठवडे लंगडतच होतो. सगळ्यात वाईट दिवस तो, ज्या दिवशी दुखत नाही.

बर्डीचा_बाळ्या

माझ्या बाबांचा खुबा बदलला, तेही ९० अंशांचं म्हणायचे. पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. तीन महिन्यांत चालायला लागले. आणि टेनिसवाला अँडी मरे बघा, जानेवारी २०१९ मध्ये खुब्यात धातू बसवला, जूनमध्ये क्वीन्स स्पर्धेची डबल्स जिंकला. टेन्शन कशाला?

टेप_आणि_पट्टी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाळ्या, वडिलांचा सांधा बदललेला, हिचा स्वतःचाच आहे, फक्त दुरुस्त केलेला. नियम थोडे सारखे दिसतात, कारणं वेगळी. मरेचंही तसंच. त्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आधी जानेवारी २०१८ मध्ये झाली होती, ती पुरली नाही म्हणून पुढे धातू. तेव्हा त्याच्या कॅलेंडरवर हिचं कॅलेंडर लावू नका.

पाटीवरची, फोन आजच. पोटरी एका जागी दुखली, सुजली, गरम लागली, दम लागला, ताप आला किंवा टाक्यातून पाणी आलं, तर फोनवर थांबायचं नाही, सरळ गाठायचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा जांघेत बधिर वाटत असेल तर घाबरू नकोस, ऑपरेशनमध्ये पाय ताणून धरतात त्यामुळे होतं, बहुतेकांचं जातं. पण सांगून ठेव. दुखत नाही म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस. त्यातली एखादी नको तिथे हाड तयार होऊ नये म्हणूनही दिलेली असते.

तेल आजीला उजव्या पायाला चोळू दे. तो बिचारा दोघांचं काम करतोय.

जिना असेल तर चढताना उजवा आधी, उतरताना कुबड्या आणि डावा आधी. कुबडीची गादी काखेत रुतवायची नाही, दोन-तीन बोटं जागा ठेवायची, भार तळहातांवर.

पाटीवरची

फोन केला, त्यांनी संध्याकाळीच बोलावलं. बाबांना सांगावं लागलं, दोन जिने उतरायचे होते. रिक्षा नको म्हणून शेजारच्या काकांची गाडी घेतली, सीट मागे पाडून. डॉक्टरांनी पाय हळूहळू फिरवून पाहिला. म्हणाले, टाका तुटल्याची लक्षणं नाहीत, स्नायू चिडलाय, पाय उचलायचा नाही, दहा दिवसांनी परत दाखव. मग चपलेकडे आणि कुबडीच्या बुडाकडे बघून म्हणाले, "हे रबर गुळगुळीत झालंय, ऑपरेशन माझं आणि पाडणार हे."

कुबड्या मामेभावाच्या, त्याच्या घोट्यानंतर माळ्यावर पडलेल्या. नवीन घ्यायच्या कशाला, असं मीच म्हटलं होतं.

ओढणीचा फास भारी, पळपुट्या दादा. पालथं झोपायलाही डॉक्टर हो म्हणाले, रोज दोनदा. आजी तेव्हा मुद्दाम शेजारी येऊन पाठ थोपटते, मला वाटतं खो देऊन राहिली.

जेवणाचं असं सोडवलं: प्लास्टिकची खुर्ची बुटकी पडायची, गुडघे वर यायचे. बाबांनी दोन खुर्च्या एकात एक घातल्या, वर घडी केलेली चादर. आता मांडी गुडघ्याकडे उतरती राहते. आजीचं ताट मात्र खालीच. तिला वर बस म्हटलं तर म्हणते, "माझे गुडघे दुखते, मला उठवत नाही."

कुलरखाली परात ठेवलीय. रबरं बदलली, दुकानात जोडी नव्हती, एक करडं आणि एक काळं मिळालं.