सेरेंगेटीत बिबट्यामागे धावायचं की पाणघोड्यांपाशी बसायचं?

माळरानी
टांझानियात सेरेंगेटीला जाऊन आले. सेरोनेराच्या कॅम्पसाइटवर तंबूत तीन रात्री. त्यातल्या एका दिवसाबद्दल भांडायचंय, म्हणून हा धागा.

सकाळी सहाला निघालो. वाटेत वाळवीच्या जुन्या वारुळातून मुंगसांची टोळी एकेक डोकं बाहेर काढत होती. पाच मिनिटं झाली नसतील, तोच वायरलेस खरखरला: 'चुई, चुई!' चुई म्हणजे बिबट्या. ड्रायव्हरदादांनी गाडी अशी पिटाळली की चहा मांडीवर. पोचलो तर सॉसेज ट्रीसमोर (आपल्याकडेही काही बागांत असतं हे झाड, दोरीला दुधी टांगल्यासारखी फळं) चौदा लँड क्रूझर. बिबट्या म्हणजे लोंबणारं शेपूट आणि एक पंजा. चाळीस मिनिटं! मग 'सिम्बा' (म्हणजे सिंह), पुन्हा तीच पळापळ.

दुपारी हट्टाने हिप्पो पूलवर थांबायला लावलं. वासाने पहिली दहा मिनिटं नाक धरून बसलो. पाणघोडा शेण टाकताना शेपटीचा पंखा करून चहूकडे उडवतो, शेजाऱ्याच्या तोंडावरसुद्धा. पण तासाभराने कळायला लागलं की कुणाची जागा कुठली आणि कोण कुणाला हुसकावतं. दिवसाची कमाई तेवढीच. माझं मत: वायरलेस बंद ठेवायला सांगावं.

खानदेशी_तडका
असहमत. विमानाची तिकिटं, पार्कची फी, पीतज्वराची लस, एवढं सगळं करून शेण बघायचं? मुंगूस तर आमच्या परसातही येतं. पार्क १४,७६३ चौरस किलोमीटरचं, त्यात रस्ता सोडून गाडी घालायला बंदी. वायरलेसशिवाय काय दिसणार, डोंबल? माझ्या आईला, वय ६७, अख्खा बिबट्या दिसला, तोंडात इम्पाला धरून झाडावर चढताना. वायरलेसमुळेच. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पाणकावळा
तडकाभाऊ, आईंचा आनंद मान्य. पण गर्दीची किंमत जनावर मोजतं. शेजारच्या मसाई मारातला चित्त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. पर्यटकांची वर्दळ जास्त तिथे एका विणीतली सरासरी ०.२ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली, वर्दळ कमी तिथे २.३. चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या गाड्यांच्या वेळेत. आणि शिकार साधली तरी तरस येऊन हिसकावतं. त्यात आपण कडं करून उभे! २०२२ मध्ये कुनोत नामिबियाहून आठ चित्ते आणले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, आणि तिकडे गेल्यावर हे.

खानदेशी_तडका
अहो, मी बिबट्याचं बोलतोय, तुम्ही चित्त्यावर घसरलात. झाडावर झोपलेल्या बिबट्याला चौदा काय, चाळीस गाड्यांनी काही फरक पडत नाही. जांभई देतो आणि कूस बदलतो.

सातारी_चाक
ताडोबात जिप्सीतून हेच केलंय, म्हणून वाटतं, दोघंही ड्रायव्हरला विसरताय. 'वाघ दिसला नाही' म्हटलं की त्याच्या टिपेला कात्री. तिथेही तेच. मुंगसं दाखवणाऱ्याला जास्त टिप कोण देतं? माळरानीताई, तुम्ही दिलीत का?

माळरानी
बरोबर पकडलंत. नेहमीचीच दिली. हिप्पो पूलवर मात्र ते स्वतःच उतरून कठड्याशी येऊन उभे राहिले, अकरा वर्षांत इथे इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं म्हणाले. कौतुक होतं की वैताग, कळलं नाही.

तडकाभाऊ, चुईचं एवढंच म्हणणं की मला शेपूट पुरलं नाही आणि मुंगसं अर्धवट राहिली.

भाकरी_विथ_उगाली
भांडण राहू द्या, मूळ मुद्दा तंबू. लॉजमध्ये राहणाऱ्यांना गाडीत बसल्यावरच सफारी. कॅम्पला कुंपण नाही, स्वयंपाकघरालाच जाळीचा पिंजरा, म्हणजे पिंजऱ्यात आपण. स्वयंपाक्याने चपाती वाढली (स्वाहिलीतही चपातीच, चहालाही चाय) आणि रात्री दोनला तंबूच्या कापडाला कुणीतरी पाठ घासत होतं. सकाळी ठसे पाहून ड्रायव्हर म्हणाला, फिसी. तरस.

खानदेशी_तडका
आई तंबूत राहायला तयार नव्हती म्हणून लॉज घेतलं. आता ठशांचं वाचून म्हणते, 'मग तेच करायचं होतं की!' आता काय सांगू तिला?