मेसच्या डब्यावर वजन वाढवायचंय, महिना दोन हजारांत काय बसेल?

पेठेतला_पाहुणा
नमस्कार मंडळी. वय २४, उंची १७५ सेंमी, वजन ५३ किलो. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. व्यायामशाळा सुरू करून चार महिने होतील. सुरुवातीला वजनं भराभर वाढली, आता सगळं एका जागी अडकलंय आणि काटा तर हललेलाच नाही. सर म्हणतात, "खाणं कमी पडतंय."
सकाळी चहा आणि खारी. दुपारी आणि रात्री मेसचा डबा : चार पोळ्या, भाजी, आमटी, भात. खोलीवर गॅस नाही, फ्रिज नाही, विजेची किटली आहे. मी अंडी खातो, पण घरमालकांना खोलीवर चालत नाहीत. मेसव्यतिरिक्त महिना जास्तीत जास्त २००० रुपये काढू शकतो. यात काय बसेल ते सांगा. मेस सोडून रात्री स्वतः शिजवायचाही विचार चाललाय.

जिमवाला_बंटी
भावा, सरळ व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) घे. मी दोन किलोचा डबा वापरतो, दंड बघशील तर विश्वास बसणार नाही. ६-७ हजारांत चांगला येतो. बाकी सगळा टाइमपास.

पेठेतला_पाहुणा
दादा, बजेट २००० आहे.

जिमवाला_बंटी
अरे, शरीरावर खर्च नाही करायचा तर कशावर करायचा? दोघांत मिळून घ्या.

लाल_माती
काय मर्दा, डबे कसले फोडताय! आमच्या कोल्हापूरच्या तालमीत पोरं पहाटे जोर-बैठका मारतात, नि मग थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी पाट्यावर वाटायची नि म्हशीच्या धारोष्ण दुधात घालायची. वर तूप, आणि आठवड्याला मटण. याला म्हणतात खुराक. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ आणलं ते काय पावडर खाऊन? कोल्हापूरचं पाणी आहे ते.

कृष्णाकाठ
खाशाबा आमचे. गोळेश्वर, ता. कराड. नीट लिहा.

लाल_माती
जन्म तिकडचा, कबूल. पण शिकले राजाराम कॉलेजात, घडले कोल्हापुरात. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवलं. ते कॉलेज कुठलं?

कृष्णाकाठ
खर्डेकर सरांचे उपकार कराड विसरलेलं नाही. पण गावातल्या लोकांनी वर्गणी काढली, तेही लिहा की.

रानमोगरा
दोघांनाही वंदन, पण पोराला पेठेत म्हैस कुठून मिळणार? शिवाय बदामाचे भाव बघितलेत का? त्या पैशांत शेंगदाणे कितीतरी येतात, आणि शेंगदाण्यात प्रथिनं बदामापेक्षा कमी नाहीत, थोडी जास्तच. माझ्या दोन्ही मुलांना मी शेंगदाणे आणि गूळ यांवरच वाढवलं. धाकटा आज हँडबॉल खेळतो. चार पोळ्यांवर मोठं होतं का कुणी!

हडसनकाठी
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे मी सकाळी ग्रीक योगर्ट, ओट्स, ब्लूबेरी, दुपारी सामन आणि अॅव्होकाडो घेतो. दोन वर्षांत अंगावर छान स्नायू चढले. तिथेही आता सगळं मिळतं असं ऐकतो. एअर फ्रायर घ्या, आयुष्य सोपं होतं.

रानमोगरा
अहो, किटली आहे त्याच्याकडे.

पोळलेला
कोणी काही म्हणो, मास गेनर (वजन वाढवायची पावडर) घेऊ नकोस. मला एका दुकानदाराने तीन किलोचा डबा गळ्यात मारला. पंधरवड्यात पोट असं बिघडलं की व्यायाम बंद पडला. मग मागची चिठ्ठी वाचली : पहिलाच घटक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ साखरेचा भाऊ. त्या भावात साखर आणि दूधपावडर पोत्याने आली असती. दुकानदार परत घेईना. अजून राग जात नाही.

जिमवाला_बंटी
म्हणून तर व्हे सांगतोय, गेनर नाही.

मेथीची_जुडी
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
बंटी, व्हेच्या डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, पण उष्मांक (कॅलरी) जेमतेम १२०. या मुलाला दोन्ही कमी पडतंय, आणि उष्मांक जास्त कमी पडतोय. आधी तिथे बघायला हवं.
पाहुणे, तुमचा अंदाजे हिशोब. मेसची पातळ पोळी ८०-९० कॅलरीची. एक डबा मिळून साधारण ८००. दोन डबे १६००, चहा-खारी २००. म्हणजे १८००. तुमचं वय, वजन आणि व्यायाम धरून आहे ते वजन टिकवायलाच २३०० च्या आसपास लागतील. वाढवायला त्यावर ३००-४००. तूट सुमारे ९०० ची आहे. चार महिने काटा हलला नाही म्हणता, म्हणजे मधे कुठेतरी वडापाव-भेळ होत असणार, तेही धरा. मग तूट थोडी कमी निघेल.
भरायची अशी :
मूठभर नव्हे, मोजून ६० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे : ३४० कॅलरी, १५ ग्रॅम प्रथिनं.
अर्धा लिटर फुल क्रीम दूध : सव्वाचारशे कॅलरी, १६-१७ ग्रॅम प्रथिनं.
दोन केळी : २००.
सोयाचे कोरडे वडे (सोया चंक्स) ३० ग्रॅम : १०० कॅलरी, १५ ग्रॅम प्रथिनं. किटलीतल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, पिळायचे, डब्याच्या आमटीत टाकायचे.
दूध ३६, केळी १०, शेंगदाणे १०, सोया ५. दिवसाला साठ-एकसष्ट रुपये. महिना साधारण १८५०. प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धरली तर तुम्हाला ८५ लागतात. डब्यातून चाळीस-पंचेचाळीस येत असतील, वरची पंचेचाळीस-पन्नास. जमतंय.
एकदम सगळं सुरू करू नका, पोट कुरकुरेल. आठवड्याला एकेक वाढवा.

खाकी_स्वप्न
ताईंचं सेव्ह केलं. मी पोलीस भरती करतोय. छाती ७९ हवी आणि फुगवून ५ सेंमी जास्त, माझी ७७ वर अडकली होती. शेंगदाणे आणि दूधच केलं. एक सांगतो, सोळाशे मीटर पळायच्या आधी शेंगदाणे खाऊ नको. पळून आल्यावर खा.

गोठ्यावरून
पिशवीचं दूध काय पिताय, त्यात काय असतं? देशी गाईचं आणा.

लाल_माती
म्हशीचं. फॅट बघा की.

गोठ्यावरून
पचायला गाईचं हलकं.

मेथीची_जुडी
वजन वाढवायचं असेल तर जास्त स्निग्धांशाचं बरं, कारण एका ग्रॅम स्निग्धाला ९ कॅलरी मिळतात, पिष्ट आणि प्रथिनांना ४. दुधाने गॅस होत असेल तर दही खा, पुष्कळांना दही सोसतं. आणि फ्रिज नाही म्हणून सांगते : पिशवी सकाळी आणा आणि लगेच संपवा.

जुना_पैलवान
कच्ची अंडी चार, दुधात फेटून, सकाळी उपाशी पोटी. आम्ही हेच केलं.

मेथीची_जुडी
काका, मानाने सांगते, कच्च्या अंड्यातली प्रथिनं अंगी निम्मीच लागतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्के. शिवाय साल्मोनेला जंतूंचा धोका. उकडूनच खायचं.

रानमोगरा
उकडलेली गाडीवर मिळतात. व्यायामशाळेतून येताना दोन खाऊन यायची, घरमालकांचा प्रश्नच नाही.

सात्त्विक_सुशांत
सोया खाऊ नका. पुरुषांचे हार्मोन बिघडतात. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

मेथीची_जुडी
पुरुषांवर झालेले अभ्यास एकत्र तपासले गेलेत, टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसलेला नाही. ३० ग्रॅम सोया बिनधास्त खा.

सात्त्विक_सुशांत
तरीपण.

डबेवाली_मावशी
बाळा, मी स्वतः मेस चालवते, म्हणून सांगते. डबा बंद कर आणि बसून जेव. बसणाऱ्या मुलाला आम्ही चौथी पोळी संपायच्या आत पाचवी वाढतो, डब्यात मोजूनच भरावी लागते. तुझ्या मेसला विचार, बसायची सोय असेल तर तेवढ्याच पैशांत दोन पोळ्या आणि वाटीभर भात जास्त पोटात जाईल. आणि तेल-तूप मागायला लाजू नकोस. मेस सोडू मात्र नकोस. अभ्यासाचं पोर भांडी घासत बसलं की वर्ष जातं.

खाकी_स्वप्न
+१, मेस सोडू नको.

कृष्णाकाठ
+१. रात्री शिजवायचा कंटाळा येतो, मग वडापाव होतो.

जिमवाला_बंटी
मेस सोडू नको. व्हे घे.

हडसनकाठी
दूध आणि शेंगदाणे दोन्ही चांगले पर्याय आहेत. केळीही घ्या.

अबोली७७
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. वजन आधीपासूनच कमी आहे की अलीकडे घटलंय? खूप तहान, संध्याकाळचा ताप, लांबलेला खोकला असं काही? माझ्या भावाला आम्ही वर्षभर बदाम आणि तूप चारत राहिलो, तपासणीत थायरॉईड निघालं. एकदा रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात फार खर्च येत नाही. जंतांची गोळीही डॉक्टरांना विचारा.

मेथीची_जुडी
अबोली, हे मीच आधी विचारायला हवं होतं. अगदी बरोबर. १७५ उंचीला ५३ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १७.३. साडेअठराच्या खाली म्हणजे वजन कमी. तपासणी कराच.

पेठेतला_पाहुणा
सगळ्यांचे मनापासून आभार. वजन शाळेपासून असंच आहे, खोकला-ताप काही नाही. तरी ससूनला जाऊन तपासून घेतो.
मेथीताईंची यादी भिंतीवर लावलीय. शेंगदाणे आणि केळी सुरू केली. दूध पुढच्या आठवड्यापासून.
मावशी, आमच्या मेसला बसायची जागा नाही, फक्त डबे जातात. म्हणून दुपारचा ठेवतोय आणि रात्रीचा बंद करतोय. तुम्ही सगळे नको म्हणालात, पण हिशोब करून बघितला. खिचडीला माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ, पंचाहत्तर ग्रॅम मूगडाळ, मूठभर शेंगदाणे, वर दोन चमचे तूप. हजाराच्या पुढे कॅलरी आणि तीस ग्रॅमच्या वर प्रथिनं, डब्यापेक्षा दोन्ही जास्त. रूममेट निम्मा खर्च देतोय. विजेचा भात कुकर घेतला, घरमालक म्हणाले लाईटबिलाचे दीडशे वेगळे द्या, चालेल. खिचडी शिजेपर्यंत चालू घडामोडी वाचून होतात. रात्रीच्या डब्याचे जे वाचतील त्यातून गाडीवरची अंडी.

डबेवाली_मावशी
बरं. पण रोज खिचडी नको. आठवड्यातून दोनदा मसूर घाल, दोनदा हरभरा डाळ भिजवून. आणि हिरवी भाजी चिरून त्यातच टाक, वेगळं भांडं लागत नाही.

लाल_माती
तूप घरचं आण रे.

जिमवाला_बंटी
तीन महिन्यांनी येशीलच विचारायला, कुठलं व्हे घेऊ म्हणून.

कॉट_नंबर_तीन
कुकर किती लिटरचा घेतला? आम्ही नारायण पेठेत तिघं आहोत, आमची मेस याहून वाईट आहे.

पेठेतला_पाहुणा
दोघांना पुरेल एवढाच, १.८ लिटरचा. तुम्ही तिघं असाल तर याहून मोठा बघा. दीड वाटी तांदळाला डाळीसकट सहा वाट्या पाणी घाला, कमी घातलं तर डाळ टणक राहते.