मदत हवी आहे : स्प्लेंडर गरम झाली की बंद पडते, इंजिन खोलू का?

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच उलटे दहा प्रश्न विचाराल.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, १९९९ चं मॉडेल, एमएच-३१. मानेवाड्याला आमच्याच लेआउटमधल्या एका काकूंकडून घेतली. काका गेल्यापासून चार वर्षं ती पोर्चमध्ये अर्धी उन्हात, अर्धी सावलीत उभी होती. सीटवर मांजर झोपायची, एवढाच तिचा उपयोग. मी मेकॅनिक नाही. बँकेत नोकरी, रविवारी पान्हे.

सगळ्यात जास्त वेळ टाकीनं खाल्ला. झाकण उघडलं तर जुन्या वार्निशसारखा वास, आतलं पेट्रोल चहाच्या रंगाचं. पेट्रोल कॉक काढून भोक बंद केलं, किराणा दुकानातून पाव किलो लिंबूसत्त आणलं, गरम पाण्यात विरघळवून टाकीत ओतलं. वर मूठभर जुने नट टाकून हलवत बसलो. बायको म्हणाली, लोणी काढतोय का? दुसऱ्या दिवशी काळं-तपकिरी पाणी निघालं आणि आतला पत्रा राखाडी दिसू लागला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन टाकी उन्हात ठेवली. नागपूरचा मे महिना, दहा मिनिटांत कोरडी. चहा पिऊन परत आलो तर आत पुन्हा नारिंगी थर! उघडा पत्रा ओल्यावर लगेच गंजतो हे तेव्हा कळलं. सगळा उद्योग परत केला आणि या वेळी पाणी निथळताच थोडं ऑइल-पेट्रोल घालून टाकी चारी बाजूंनी फिरवली. आता बरी आहे.

कार्बोरेटर खोलून साफ केला. पायलट जेट उन्हाकडे धरून पाहिलं तर पलीकडचं काहीच दिसेना. वायरीतली तांब्याची एक बारीक तार आत-बाहेर केल्यावर सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. फ्लोटची निडल नवी टाकली. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, दोन्ही टायर (भेगा पडले होते), प्लग, एअर फिल्टर, ऑइल सगळं नवीन. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग जोडून टेप मारला. टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह (झडपा) दाबणाऱ्या स्क्रूंचा, टकटक आवाज येत होता, तेही घट्ट केले. आता हेड (इंजिनाचा वरचा भाग) एकदम शांत, आवाज नावाला नाही.

आता दुखणं. सकाळी गाडी दुसऱ्या किकला सुरू होते, आयडलिंगलाही छान उभी राहते. मानेवाडा चौकातून निघालो की तुकडोजी पुतळ्यापर्यंत काही नाही. त्यानंतर ओढणं कमी होतं, आणि मेडिकल चौकाच्या आधी कधीतरी गप्प. मग किक मारत बसा. किकही हलकी लागते, पायाला काही अडतच नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की परत शहाण्यासारखी सुरू!

मेकॅनिकला दाखवली. त्यानं गाडी सुरूही न करता सांगितलं, "बोअर गेला, ब्लॉक-पिस्टन टाकावं लागते." म्हणजे सिलिंडर आतून झिजला. धूर अजिबात नाही, ऑइलही कमी होत नाही. तरी इंजिन खोलायचं का? की हा कॉइलचा किंवा सीडीआयचा, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागांचा, प्रकार आहे? की आपल्याकडच्या गर्मीचा?

—

प्रतिसाद १

भाऊ, आधी टाकीचं झाकण पाहा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असते. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही, गाडी दोन-तीन किलोमीटरवर बंद अन् थोड्या वेळानं सुरू. बंद पडली की लगेच झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर तेच समजा. फुकटातली तपासणी आहे.

—

प्रतिसाद २

पेट्रोलचा हा प्रकार वाटत नाही. पेट्रोल तुटलं तर किक हलकी कशाला लागेल? कॉइल गेली तरी किक हलकी लागत नाही. हलकी किक म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) जाऊन राह्यलं.

आता तुमचंच वाक्य परत वाचा : "हेड एकदम शांत". राजेहो, स्प्लेंडरचं हेड शांत नसते, नसाले पाहिजे! टॅपेटले थोडी फट लागते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते. फट ठेवलीच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तिथून कॉम्प्रेशन निघून जाते. थंड झाली की परत बसते. बोअर गेला असता तर सकाळी दुसऱ्या किकले सुरू झाली असती काय?

इंजिन पूर्ण थंड असताना करा, म्हणजे रात्रभर उभी ठेवून सकाळी. मॅग्नेट कव्हरवरची टोपणं काढा, टी ची खूण काट्यासमोर आणा. ही खूण दर फेऱ्याला येते, अन् चार स्ट्रोक इंजिनात त्यातली एकच कामाची. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटानं थोडे हलले पाहिजेत. हलत नसतील तर अजून एक फेरा फिरवा. तुम्ही इतके घट्ट केले असतील की कुठंच हलणार नाहीत, तर आधी दोन्ही सैल करून घ्या अन् पिस्टन वर येताना प्लगच्या भोकातून हवा बाहेर फेकते का ते अंगठ्यानं पाहा. मग ०.०५ मिमीची फीलर पत्ती (फट मोजायची पातळ पट्टी), इनटेकले अन् एक्झॉस्टले दोन्हीकडे. पत्ती किंचित घासत सरकली पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

अन् जास्त दिवस अशी चालवू नका. न बसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, मग इंजिन खरंच खोलावं लागेल.

—

प्रतिसाद ३

गाडीचं होईल, कागदांचं काय? १९९९ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२४ ला मुदत संपली असणार. अशी गाडी मेडिकल चौकापर्यंत नेलीच कशी? मूळ मालक वारले असतील तर आधी नमुना ३१ भरून काकूंच्या नावावर, मग २९ आणि ३० नं तुमच्या, आणि नूतनीकरणाला नमुना २५. शिवाय नवी नंबरप्लेट आणि पर्यावरण कर. चेसिस नंबरवर रंग मारू नका, तिथे तपासतात.

—

मूळ धागाकर्ता

प्रतिसाद ३, बरोबर आहे, चूक झाली. काकूंशी बोललो, गिरीपेठच्या आरटीओत त्यांना घेऊन जायचंय.

झाकण उघडून पाहिलं, फुस्स वगैरे काही नाही. मग काल सकाळी सहाला टॅपेट उघडले. पत्ती जाणं सोडाच, एक्झॉस्टचा रॉकर जागचा हलेना. लाज वाटली. सैल करून अंगठ्यानं हवा पाहिली, फट लावली, लॉक नटानं दोनदा फसवलं, तिसऱ्यांदा जमलं.

रस्त्यावर नेली नाही. लेआउटमध्येच पाऊण तास गोल गोल फिरवली, दुपारी दोन वाजता, मुद्दाम. शेजारचे दोनदा गेटवर येऊन बघून गेले. बंद पडली नाही, किकही पायाला भरून लागते. आता शिलाई मशीनसारखी टिकटिक करते. इतकी टिकटिक बरोबर का, की अजून थोडी कमी करू?

—

प्रतिसाद २

हात लावू नका आता.