मुलीला क्रोन्स (आतड्यांना दीर्घकाळ सूज राहणारा आजार) आहे. आतड्यांतील विषाणूंची तपासणी करून घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून लिहीत आहे. आमची कोरडवाहू शेती आहे. माझी मुलगी 11 वर्षांची आहे. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास गावात उलटी-जुलाबाची साथ आली, तेव्हा घरातले सगळेच आडवे झालो आणि चार दिवसांत उठलोही. तिचे पोट मात्र तेव्हापासून ताळ्यावर आलेच नाही. आधी आव पडू लागली, मग रक्त, आणि दिवाळीपर्यंत वजन 29 किलोवरून 23 वर आले. सुरुवातीला आतड्याचा क्षयरोग समजून औषधे दिली गेली (हे दोन आजार दुर्बिणीतूनही पुष्कळदा सारखेच दिसतात, हे नंतर कळले, त्यामुळे राग धरण्यात अर्थ नाही). अखेर नागपुरात क्रोन्सचे निदान झाले. शौचातील कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन) 1,180 होते. ते साधारण 50 च्या आत असावे लागते. सात आठवडे अन्न पूर्ण बंद ठेवून तिला केवळ पोषक पेयावर ठेवले. वरणाला फोडणी पडली की ती उठून गोठ्याशी जाऊन बसत असे. आता वजन 27 आहे.

प्रश्न पुढचा आहे. एका खासगी प्रयोगशाळेच्या माणसाने सांगितले की, हा आजार आतड्यांतील विषाणूंमुळे होतो आणि 14,000 रुपयांत त्या सर्व विषाणूंची तपासणी करून मिळेल. म्हणजे आमचे तीनेक क्विंटल सोयाबीन. भाच्याच्या मदतीने मी जे वाचले, त्यावरून असे दिसते की आतड्यांतील बहुसंख्य विषाणू हे जीवाणूंवर जगणारे, म्हणजे फाज असतात. 2015 च्या एका अभ्यासात क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार) रुग्णांमध्ये फाजांचे प्रकार वाढलेले, तर जीवाणूंची विविधता घटलेली आढळली. परंतु ही वाढ आजाराचे कारण आहे की सुजलेल्या आतड्याचा परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय फाज माणसाच्या पेशींना लागतच नाहीत, तेव्हा विषाणूविरोधी गोळी कशावर चालणार? अहवालात फाज वाढलेले निघाले, तरी तिच्या औषधात काही फरक पडतो का, की तो कागद फाईलीत राहतो?

दुसरी गोष्ट अधिक बोचते. ‘विषाणू’ हा शब्द कानावर पडल्यापासून माझ्या आईने मुलीचे ताट आणि पेला वेगळा काढला आहे. पिण्याच्या गुंडाला तिचा हात लागू देत नाही. क्रोन्स संसर्गाने पसरत नाही, हे मी सांगून थकलो. पण पोळ्याच्या साथीचे काय, असे आई विचारते, आणि तिथे मी अडतो. 2010 मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात विशिष्ट जनुकदोष असलेल्या उंदरांना नोरोव्हायरसची (याच गटातले विषाणू माणसांत उलटी-जुलाबाच्या साथी आणतात) लागण झाल्यावरच आतड्यात क्रोन्ससारखे बदल दिसले. नुसत्या दोषाने नाही आणि नुसत्या विषाणूनेही नाही. तोच दोष माझ्या धाकट्या मुलात असू शकतो का? तो 6 वर्षांचा आहे, साथीत तोही आजारी होता आणि सध्या ठणठणीत आहे. त्याचे कॅल्प्रोटेक्टिन करून घ्यावे, की केवळ वजन-उंचीवर लक्ष ठेवणे पुरेसे आहे?

ज्यांच्या मुलांना हा आजार आहे त्यांनी, किंवा कुणी बालपोटविकारतज्ज्ञ येथे असल्यास त्यांनी कृपया लिहावे. पुढच्या मंगळवारी नागपूरला जायचे आहे. तिथल्या गर्दीत दोनच प्रश्न विचारता येतात. आणि आईला वाचून दाखवता येईल अशा साध्या मराठीत कुणी ताटाबद्दल चार ओळी लिहिल्या, तर त्या मी आजच दाखवीन.